आधी मुसळ, मग कुसळ

श्रोतेहो, लूककृत शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात येशूने दोघांचा दाखला सांगितला आहे; दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात, एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथातला, आणि एक जकातदार, म्हणजे लोक पापी समजत तो करवसुली करणारा. त्यातल्या परूश्याला आपण ढोंगी म्हणून मोकळे होतो. पण त्याची भक्ती खोटी नव्हती. मोशेच्या नियमशास्त्राने वर्षाला एकच उपास सक्तीचा केला होता, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा आठवड्यातून दोनदा उपास करी, सगळ्या मिळकतीचा दशांश देई. प्रार्थनेची सुरुवातही त्याने देवाचे आभार मानूनच केली. बिघडलं ते पुढे: मी इतरांसारखा नाही, या जकातदारासारखाही नाही! देवापुढे उभं राहून त्याने मापाला धरला शेजारचा माणूस. जकातदार दूर उभा होता. त्याने मान वर केली नाही, ऊर बडवून घेतला आणि फक्त दया मागितली. नीतिमान ठरून घरी गेला तो.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे दुसऱ्याला मापाला धरणं कसं शिरतं? प्रार्थनासभेत कुणी हळूच म्हणतं, ‘त्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा हं, फार वाया गेलाय.’ प्रार्थना दोन मिनिटं, चर्चा अर्धा तास. त्या मुलाच्या घरी मात्र कुणी गेलेलं नसतं. मला हे उघड चहाडीपेक्षा वाईट वाटतं; चहाडी करणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं.

मग चूक दिसली तर गप्प बसायचं? मुळीच नाही. मत्तयच्या 7व्या अध्यायात ‘दोष काढू नका’ असं सांगून पाचव्या वचनात प्रभू म्हणतो, आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळही काढायचंच आहे. तेव्हा कुणाची चूक दाखवायला जाण्याआधी तोच दोष, पैशाचा असो, जिभेचा असो की रागाचा, आपल्यात कुठे आहे ते देवापुढे नाव घेऊन कबूल करा. त्यात कुणाचं नुकसान केलं असेल तर ते भरून द्या.

मग मत्तय 18:15 प्रमाणे एकट्याने जा, दोघंच असताना बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. मंडळीपुढे गोष्ट जायची ती त्यानंतर. आपल्याकडे ती बहुधा आधीच तिथे पोचलेली असते. गलतीकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, सौम्यतेने ताळ्यावर आणा, आणि स्वतःकडेही लक्ष ठेवा, मोह तुम्हालाही पडू शकतो.

ऐकीव गोष्टी घेऊन जाऊ नका. स्वतः पाहिलेली एकच गोष्ट बोला. ‘तू नेहमीच असा’ हे वाक्य टाळा. आणि समोरच्याचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घ्या. कदाचित चूक झालीच नव्हती, असंही कळेल.