थिनर हवेत उडवू नका

श्रोतेहो, नमस्कार. नागपंचमी झाली की सांगली-मिरजेतल्या गणपतीच्या शेडमध्ये रात्री उशिरापर्यंत कंप्रेसर धडधडत असतो. पीतांबराचं शेडिंग, गालांवरची गुलाबी झाक, हे आता एअरब्रशचं, म्हणजे कंप्रेसरच्या हवेनं रंग फवारणाऱ्या छोट्या गनचं काम. डोळ्यांची आखणी तेवढी आम्ही कुंचल्यानंच करतो, आणि ती तशीच राहावी असं माझं मत. पण आज बोलायचंय ते रंगकाम उरकल्यावरचं. गन धुण्याबद्दल.

या गनच्या नोझलचं भोक जेमतेम ०.२ ते ०.५ मिलिमीटर. त्यात रंगाचा कण वाळला की गन थुंकायला लागते. मग वैतागलेला पोरगा गनच्या कपात थिनर, म्हणजे रंग विरघळवणारं द्रावण, ओततो, ट्रिगर ओढतो आणि सगळा हवेत उडवतो. मीही कित्येक वर्षं हेच केलं.

एका आषाढात बाहेर धो धो पाऊस, म्हणून शटर खाली ओढलेलं. ओळीनं चार गन धुतल्या. पहिलीला वास नाकाला झोंबला, चौथीला येईनासाच झाला. वाटलं, वास गेला. गेला कुठला, नाक सरावलं होतं! उठायला गेलो तर पाय लटपटले. कसाबसा शटर उचलून पायरीवर बसलो आणि मग आठवलं, आत देवापुढे समई तेवतेय. तेव्हा मात्र घाम फुटला.

बऱ्याच थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन असतं. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेते, टोल्युइनची सुमारे ४ अंशांना. आपल्याकडे थंडीतही एवढा गारठा नसतो. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत जाते. त्यात दाब उतरला की कंप्रेसर आपोआप चालू करणारा ऑटो स्विच ठिणगी टाकतो. म्हणून कंप्रेसर दाराबाहेर ठेवा आणि नळी लांब घ्या.

रंग पाण्यातला असेल तर आधी पाणीच. ओल्या अ‍ॅक्रिलिकवर थेट थिनर गेला तर रबरासारखा गोळा होऊन नोझलमध्ये बसतो. थिनर लागतो तो सोनेरी लॅकरला, किंवा रंग वाळून बसला तर, आणि तोही चमचाभर. हवा बंद करा, गनमधली सुई काढा, नोझल झाकणाच्या काचेच्या बाटलीत भिजवा, बारीक ब्रशनं घासा. शेवटी उडवायचाच असेल तर उघड्यावर, हवा कमी करून, बरणीच्या आत. कोरोनातला कापडी मास्क इथं कामाचा नाही, वाफेला कोळशाच्या काडतुसाचाच मास्क हवा. डॉक्टरी हातमोजेही अ‍ॅसिटोनपुढे टिकत नाहीत, ब्युटाइल रबराचे घ्या.

अख्खी गन मात्र रात्रभर बुडवू नका. आमच्याकडे एकानं बुडवली. सकाळी पाहतो तर आतली काळी रबरी रिंग भिजल्या हरभऱ्यासारखी फुगलेली, ट्रिगर हलेना. पांढरी टेफ्लॉनची असती तर निभावलं असतं.

धुतलेला थिनर गटारात ओतू नका, गटार शेवटी कृष्णेलाच मिळतं. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. रंग तळाला बसतो, वरचा निवळ पुढच्या धुण्याला चालतो. डब्यावर ठळक अक्षरांत ‘थिनर’ लिहा. आणि पाण्याच्या बाटलीत तर भरूच नका. रात्री दोन वाजता तहानलेलं पोरगं लेबल बघत नाही.