लावणीनंतरचा ताप

सिंधुदुर्गातील हे भाताचे खाचर. चिखलणी चालू आहे आणि पॉवर टिलरमागे अनवाणी चालणाऱ्या या शेतकऱ्याच्या टाचांना भेगा पडल्या आहेत, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या आहेत. बांधातील बिळांत राहणाऱ्या उंदरांचे मूत्र याच पाण्यात मिसळते, त्यातील लेप्टोस्पायरा हे जिवाणू अशा फुटलेल्या कातडीतून शरीरात शिरतात आणि साधारणपणे पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. तोवर लावणी आटोपलेली असते, त्यामुळे तापाचा चिखलाशी असलेला संबंध कुणाच्या ध्यानात येत नाही. शहरालाही हे नवे नाही. 26 जुलै 2005च्या महापुरानंतर मुंबईत याच लेप्टोची साथ पसरली होती.

‘पावसात भिजलो, म्हणून कणकण आली’ हे कारण घरोघरी तयार असते. बरेचसे ताप खरोखरच साध्या विषाणूंचे असतात आणि विश्रांती, पेज व पॅरासिटामॉल एवढ्यावर तीन-चार दिवसांत उतरतात. परंतु लेप्टोचा रुग्ण पोटरी नुसती दाबली तरी कळवळतो, त्याचे डोळे चिपडे न येताच लालबुंद होतात आणि पुढे लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली, तर आजार मूत्रपिंड, यकृत, फुप्फुस यांपर्यंत पोहोचला असे समजावे. वेळेवर सुरू केलेली साधी प्रतिजैविके येथे जीव वाचवतात. हिवतापात हुडहुडी भरून ताप चढतो आणि घाम येऊन उतरतो खरा, पण हा क्रम प्रत्येकात दिसत नाही. म्हणून रक्त तपासल्याखेरीज तो नाही असे म्हणता येत नाही.

डेंग्यू मात्र ताप उतरताना फसवतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान अंग थंड लागू लागते, घरचे निश्चिंत होतात आणि नेमक्या त्याच वेळी काही रुग्णांच्या रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब घसरू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमालीची ग्लानी किंवा तगमग, गार पडलेले हातपाय यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरात सगळ्यांचे लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर खिळलेले असते. रुग्णाला गेल्या सहा तासांत लघवी झाली का, हे सहसा कुणी विचारत नाही, आणि ते विचारायला प्रयोगशाळाही लागत नाही.

पावसाळ्यातील ताप दोन दिवसांपलीकडे अंगावर काढू नये. गर्भवती, मधुमेही आणि वृद्ध यांनी पहिल्याच दिवशी दाखवावे. तीन महिन्यांच्या आतील बाळाच्या तापात तर तासभरही घालवू नये. झटके, असंबद्ध बोलणे, ताठरलेली मान किंवा श्वासाचा त्रास असल्यास 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील या केसपेपरवर आधी ‘ताप, तीन दिवस’ एवढेच लिहिलेले आहे. डॉक्टर पोटरी दाबून पाहतात, “शेतात कधी उतरला होतात?” असे विचारतात आणि खाली आणखी एक ओळ लिहितात : ‘चिखलणी, अनवाणी, पायाला भेगा.’