पावसाने बिघडवलेली लाइन

1988 सालची गोष्ट. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन राज्य, मॅडिसन शहर, रात्रीची वेळ, बाहेर वादळी पाऊस. तिथल्या युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स शिकवणारे प्रोफेसर बार्टन मिलर घरी बसून ऑफिसातल्या युनिक्स मशीनवर काम करतायत (युनिक्स म्हणजे विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टिम). तेव्हा घरून लॉगिन म्हणजे डायल-अप, आपली साधी टेलिफोनची लाइन. पावसामुळे लाइनवर खरखर, आणि ती खरखर अक्षरं बनून आत शिरायची, म्हणजे टाइप करताय एक आणि मधेच भलतीच चार चिन्हं घुसतायत.

लाइन खराब होणं तसं नेहमीचंच हो. मिलर यांना खटकलं ते हे, की त्या कचऱ्यामुळे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम चक्क क्रॅश होत होते. चुकीचं इनपुट आलं तर प्रोग्रॅमने तसं सांगावं ना, सरळ बंद कशाला पडावं? मला विचाराल तर या सगळ्या संशोधनातला सगळ्यात मोठा क्षण हाच, कारण असा अनुभव कितीतरी जणांना आला असेल, पण त्याच्या मागे लागावंसं वाटलं ते यांना.

त्याच सेमिस्टरला त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या वर्गात प्रोजेक्ट दिला. एक प्रोग्रॅम लिहा जो वाटेल ती अक्षरं तयार करेल, ती युनिक्सच्या युटिलिटीजना, म्हणजे रोजच्या छोट्या कामांच्या प्रोग्रॅमना, खायला घाला, आणि बघा कोण टिकतं. नाव ठेवलं फझ. पास-नापासची कसोटी इतकी साधी की ऐकून आश्चर्य वाटतं: उत्तर बरोबर आलं का हे बघायचंच नाही, प्रोग्रॅम क्रॅश झाला किंवा अडकून बसला तर नापास, बाकी सगळे पास.

1990 च्या डिसेंबरमध्ये लार्स फ्रेड्रिक्सन आणि ब्रायन सो या विद्यार्थ्यांसोबत मिलर यांचा पेपर छापून आला. युनिक्सच्या सात व्हर्जन, नव्वदच्या आसपास युटिलिटीज, आणि कुठलंही व्हर्जन घ्या, 25 ते 33 टक्के प्रोग्रॅम कोसळले. टेस्टिंगवाल्या बऱ्याच मंडळींना हे पटलं नव्हतं, ना गणिती मॉडेल, ना स्पेसिफिकेशन, नुसता कचरा ओतायचा याला काय संशोधन म्हणायचं! पण मिलर आणि त्यांचे विद्यार्थी नुसतं मोजून थांबले नाहीत, ते कोसळलेल्या प्रोग्रॅमच्या कोडमध्ये शिरले आणि कारण शोधत बसले, आणि माझ्या मते पेपरचा खरा जीव तिथेच आहे.

सापडलं काय? बहुतेक ठिकाणी पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) आणि ॲरे (ओळीने ठेवलेली माहिती) यांच्या चुका. सी भाषेत गेट्स नावाचं एक फंक्शन होतं, ते आख्खी ओळ वाचून घ्यायचं पण ठेवायला जागा किती आहे हे बघायचंच नाही, ओळ लांब असली की शेजारच्या मेमरीवर सांडणार. आणि बघा, 1988 मध्येच 2 नोव्हेंबरला मॉरिस वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा एक घुसखोर प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला, त्याने आत शिरायला जे रस्ते वापरले त्यातला एक होता फिंगर सर्व्हरमधलं (मशीन वापरणाऱ्यांची माहिती देणाऱ्या प्रोग्रॅममधलं) हेच गेट्स! म्हणजे पावसाच्या खरखरीने जो प्रोग्रॅम पडतो, तोच कुणी मुद्दाम फोडूही शकतो. हे फंक्शन सी भाषेच्या स्टँडर्डमधून निघालं ते थेट 2011 मध्ये.

त्यांनी टूल, डेटा, निकाल सगळं खुलं ठेवलं, कुणीही घ्या, स्वतः चालवून बघा. 1995 मध्ये पुन्हा तीच टेस्ट केली तर कंपन्यांच्या युनिक्समध्ये 15 ते 43 टक्के युटिलिटीज नापास, आणि युनिक्सच्याच धर्तीच्या, फुकट मिळणाऱ्या लिनक्समध्ये फक्त 9 टक्के. 1990 मध्ये दाखवून दिलेल्या काही चुका तशाच पडून होत्या, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण दुरुस्ती कुठे करायची हेही तेव्हाच सांगून झालं होतं. पुढे हीच टेस्ट विंडोजवर झाली, मॅकवर झाली.

दरम्यान फझिंग, म्हणजे फझवाली ही टेस्टिंगची पद्धत, खूप पुढे गेलं. आता टूल नुसता कचरा फेकत नाही, कुठल्या इनपुटने कोडचा नवा भाग उघडला ते बघून त्यातूनच पुढचं इनपुट घडवतं, आणि 2016 पासून गुगलच्या मशीन ओपन सोर्स (ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा) प्रोजेक्टवर हे काम सतत करतायत.

आणि मिलर? 2020 मध्ये त्यांनी जुनीच साधी पद्धत परत बाहेर काढली, तीच आडवीतिडवी अक्षरं, तीच कसोटी. लिनक्सवर 74 पैकी 9 युटिलिटीज पडल्या, मॅकवर 76 पैकी 12, फ्रीबीएसडी या युनिक्सच्याच घराण्यातल्या सिस्टिमवर 78 पैकी 15. कोड उघडला तर आत पुन्हा पॉइंटर आणि ॲरे.