रेवड्यांची कुस्ती

(पहाटेचा अंधार. कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या तालमीचं दार. आतून जोर मारणाऱ्यांचे श्वास.)

तालमीत शिरलं की आधी वास येतो. तांबड्या मातीचा, तिच्यात मुरलेल्या तेलाचा, ताकाचा, हळदीचा. बारा-तेरा वर्षांची पोरं बैठका मारतायत. टाळ्या वाजवायला इथं कुणी नाही.

(जत्रेतलं मैदान. हलगी.)

मैदानाची सुरुवात रेवड्यांच्या कुस्त्यांनी होते. चिमुरडी पोरं लंगोट कसून उतरतात, जिंकलं की मूठभर रेवड्या. पुढं रुपये, फेटा, गदा. मग एक काळजी मनात येते: इनामावर नजर ठेवून लढणाऱ्या पोराचं मातीवरचं प्रेम टिकतं का?

1973 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच कबूल केलं, चित्र काढलंत की प्रशस्तिपत्र. काहींना ते चित्र झाल्यावर अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. पुढच्या दिवसांत वर्गात तेच रंगीत पेन मोकळे ठेवले. कबुली मिळालेली मुलं इतरांच्या निम्मा वेळच त्यांच्याकडे वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र तशीच होती. म्हणजे दोष रेवडीचा नव्हे. खेळण्याआधीच ती डोळ्यांपुढं नाचवण्याचा.

आणि आत्मसन्मान? ‘तू वाघ आहेस’ असं रोज म्हटल्यानं पोरगं वाघ होतं, असं पुष्कळ आईबापांना वाटतं. 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी यावरचं संशोधन तपासलं. नुसता आत्मसन्मान वाढवून मुलांचा अभ्यास सुधारल्याचं त्यांना आढळलं नाही. चांगल्या कामगिरीनं आत्मसन्मान वाढतो, हे मात्र काही अंशी दिसलं. वस्ताद शाबासकी जपून का देतात, ते मला इथं कळलं.

(खाशाबा जाधवांचं जुनं छायाचित्र.)

खाशाबा राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले, हात रिकामेच. तरी परत येऊन ते पुन्हा घाम गाळू लागले. 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका माणसानं आपल्यावर घर लावलंय, याहून मोठं इनाम कुठल्या मैदानात मिळणार? त्या वर्षी खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

(पुन्हा तालीम. उजाडतंय.)

काल जत्रेत चितपट झालेला एक पोरगा कोपऱ्यात उभा आहे. वस्ताद काही बोलत नाहीत. फावडं त्याच्या हातात देतात. तो हौद्यात उतरून माती उकरायला लागतो.