आधी दाढी भिजव, मग वस्तरा काढ

सलूनमध्ये कॅमेरा नेला की पहिली फर्माईश एकच असते, वस्तऱ्याचा क्लोजअप घ्या. घेणार आहोत, पण ह्या व्हिडिओत वस्तरा बराच उशिरा येणारे, कारण आमचं म्हणणं असं आहे की दाढी चांगली होणार का गालाची आग आग होणार हे वस्तरा कातडीला लागायच्या आधीच ठरलेलं असतं, म्हणजे वाटीत, ब्रशमध्ये आणि गिऱ्हाईक मोबाईल बघत बसलेलं असतं त्या चार-पाच मिनिटांत.

तर आपण आहोत जुन्या नाशकात, भद्रकालीच्या एका बोळात. दोन खुर्च्या, समोरासमोर आरसे, डोक्यावर पंखा, कोपऱ्यात पाणी गरम करायची किटली. काकांच्या ह्या दुकानात बोर्डावर अजून 'केशकर्तनालय' असंच लिहिलंय. आत्ता खुर्चीवर बसायला आलेला भाऊ अंबडच्या कंपनीतून रात्रपाळी करून आलाय, तीन दिवसांचे खुंट आहेत, चेहऱ्यावर धूळ आणि घाम. काका त्याला बसू देत नाहीत. आधी बेसिनवर जा, तोंडाला साबण लाव आणि धू. दोनदा.

हे काही नुसतं स्वच्छतेसाठी नाहीये. आपल्या कातडीतून तेल सुटत असतं ना, ते दाढीच्या केसांवर पण चढतं आणि तेलावर पाणी टिकत नाही हे काय कुणाला सांगायला नको. ते तेल निघाल्याशिवाय पाणी केसात शिरणार नाही, आणि पाणी केसात शिरणं हेच तर सगळं काम आहे.

केस बनलेला असतो केराटिन नावाच्या प्रोटीनचा, नखं पण त्याचीच. कोरडा असताना राठ, ताठ. पण पाणी मुरलं की केराटिनच्या आतले बारीक बंध सैल पडतात, केस फुगतो, जाडी साधारण 15 टक्क्यांपर्यंत वाढते आणि तो कापायला लागणारा जोर बराच कमी होतो. केस फुगायला वेळ लागतो, दोन-तीन मिनिटं तरी, पाणी कोमट असेल तर जरा लवकर. गंमत म्हणजे ब्लेडचं स्टील केसापेक्षा 50 पट कठीण असतं, तरी त्याची धार जाते. 2020 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या लोकांनी हे मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि 'सायन्स' मासिकात छापलं, की ज्या केसाला आपण मऊ समजतो तो वाकून धारेवर एका बाजूने दाब देतो आणि स्टीलचे बारीक बारीक टवके उडतात. त्यामुळे रोज दाढी करणाऱ्याने ब्लेड लवकर खराब होतंय म्हणून कंपनीला शिव्या देण्याआधी आपण दाढी किती वेळ भिजवतो ते बघावं.

पाण्याचंच काम आहे ह्याचा पुरावा बघायचा असेल तर चला गंगेवर. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडावर दिवसभर क्षौर चालू असतं, कुणाचे वडील गेलेत, कुणी अस्थी घेऊन आलंय. तिथे कारागीर ओंजळभर पाणी डोक्यावर घेतो आणि बोटांनी चोळतो, परत पाणी, परत चोळणं, साबण नाही, क्रीम नाही, फेस नाही, आणि मग वस्तरा सरळ फिरतो. चोळण्यात हात आखडता घेतला तर माणूस खुर्चीवर नसला तरी जागचा उडतो. बिनपाण्याने हजामत म्हणतात ती हीच.

मग फेस कशाला? प्रश्न बरोबर आहे. पाणी तोंडाला नुसतं लावलं तर ते वाहून जातं नाहीतर वाळतं, खास करून एप्रिल-मे मध्ये, पंखा फुल्ल स्पीडवर, तेव्हा तर गालावरचं पाणी एका मिनिटात गायब. फेसाचं काम म्हणजे ते पाणी केसाला चिकटवून धरून ठेवायचं आणि वस्तऱ्याखाली कातडी निसरडी करायची. एवढंच. फेस जाड दिसतो म्हणून भारी, असं काही नसतं.

दाढीचा साबण आणि अंगाचा साबण ह्यात फरक आहे बरं का. दाढीच्या साबणात स्टिअरिक ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे फेस घट्ट होतो आणि टिकतो, आणि तो बनवताना कॉस्टिक सोड्याबरोबर कॉस्टिक पोटॅशही वापरतात, पोटॅशचा साबण मऊ आणि पाण्यात पटकन विरघळणारा. वर ग्लिसरीन, ते पाणी धरून ठेवतं. अंगाच्या साबणाने दाढी होत नाही असं नाही, आमच्या आजोबांच्या पिढीने जन्मभर केली, पण तो फेस पटकन बसतो, घासतो आणि कातडी ओढल्यासारखी होते.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर एक नाशिकची गोष्ट. शहराला नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं, त्यात फेस छान होतो. पण नवीन सोसायट्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी मिसळलेलं असतं, ते जड. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, ते साबणाला पकडून त्याचा पांढरा चिकट साका करून टाकतात, बादलीच्या कडेला दिसतो ना तोच, आणि जेवढा साबण ह्यात वाया गेला तेवढा फेस कमी. लोक म्हणतात क्रीम डुप्लिकेट आहे. क्रीम चांगलंच असतं हो, पाणी बदलून बघा. लागतं किती, वाटीभर, तेवढं प्यायचं पाणी घ्या, नाहीतर पाणी उकळून गार करून वरचं वर ओता, थोडा जडपणा उकळल्याने जातो, तळाशी क्षार बसतात तो हाच.

काकांची वाटी पितळेची आहे, जवळच्याच तांबट गल्लीतली, मठारलेली म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेली, आतून पूर्ण गुळगुळीत नाही, त्यामुळे ब्रशचे केस तिच्यावर घासले जातात आणि फेस लवकर उठतो. स्टीलची वाटी चालते, चहाचा जुना मग पण चालतो. उगाच महागाचं बाऊल ऑनलाईन मागवायची काही गरज नाही असं आमचं मत.

ब्रश मात्र नीट घ्या. डुकराच्या केसांचा असेल तर वापरायच्या आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात ठेवायला लागतो, कोरडा वापरला तर तो वाटीतलं पाणी स्वतःच पिऊन टाकतो आणि फेस सुकतो. नवा असताना टोचतो, मग वापरून वापरून केसांची टोकं फाटतात आणि तो मऊ होतो. सिंथेटिक ब्रश पाणी पीत नाही, नुसता ओला करून झटकला की झालं, आणि वाळतो पण लवकर, म्हणून सलूनमध्ये तोच परवडतो. एक जुनी भानगड सांगतो, पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश आणि अमेरिकन सैनिकांमध्ये ॲन्थ्रॅक्सच्या केसेस निघाल्या, म्हणजे जनावरांचा रोग, आणि तो माणसांच्या गालावर आला कुठून तर घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून, केस नीट जंतुमुक्त न करताच ब्रश बनवले होते. आज तसं होत नाही, पण एकच ब्रश दिवसभर सगळ्यांच्या तोंडावर फिरवणं हे आम्हाला अजिबात पटत नाही, काकांकडे सकाळी ब्रशची रांगच लागलेली असते आणि वापरलेला ब्रश साबणाने धुऊन गरम पाण्यात जातो. तुम्ही रोजचं गिऱ्हाईक असाल तर सरळ स्वतःचा ब्रश दुकानात ठेवा. कुणी काही म्हणत नाही.

[वाटीचा क्लोजअप, इथे म्युझिक थोडं खाली]

आता बघा. बदामाएवढं क्रीम वाटीत. ब्रश झटकून घेतलाय, ओला आहे पण टपटपत नाहीये. काका फिरवायला लागतात आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात जे दिसतं त्यालाच बरेच लोक फेस समजतात, मोठे मोठे बुडबुडे, हलकं, भसाभस वर येणारं. तो फेस नाही, ती हवा आहे. काका बोट बुडवून दोन-चार थेंब पाणी टाकतात, परत फिरवतात, परत थेंब, आणि हळूहळू बुडबुडे दिसेनासे होतात आणि वर चमक येते. शेवटी तो श्रीखंडाला फेटलेल्या चक्क्यासारखा दिसला पाहिजे, ब्रश उचलला की टोक उभं राहून जरासं वाकणारा. चमक नाही म्हणजे पाणी कमी, असा फेस गालावर कोरडा पडतो आणि वस्तरा अडतो. गळ्यावरून ओघळतोय म्हणजे पाणी जास्त, थोडं क्रीम घाला, एवढंच. दोन बोटांमध्ये घेऊन चोळून बघा, बोटं सरसर घसरली तर तयार.

लावायची सुरुवात कुठून? गालापासून केली तर ते सोपं पडतं, पण सगळ्यात राठ केस असतात हनुवटीवर आणि नाकाखाली, त्यांना जास्त वेळ भिजायला मिळाला पाहिजे, म्हणून काका आधी तिथे लावतात आणि मग बाजूला जातात. ब्रश गोल गोल फिरवायचा, दाबून नाही, ब्रशची टोकं काम करतात, बुंधा नाही. गोल फिरवल्याने केस उभे राहतात आणि फेस मुळाशी पोचतो. गळ्याला बहुतेकांच्या भोवरा असतो, केस एका बाजूला आडवे गेलेले, तिथे सगळ्या दिशांनी फिरवायला लागतं. मधेच काका ब्रश ठेवतात आणि बोटांनी फेस चोळतात, जबड्याच्या हाडाखाली, ओठाच्या कोपऱ्यात. गिऱ्हाईकाला वाटतं मसाज चाललाय. चाललाय पण दाढीचाच. शेवटी वरून खाली दोन-तीन सपाट हात, भिंतीला रंग मारतात तसे, की जाडी सगळीकडे सारखी.

किती जाड? वस्तऱ्याला खूप जाड फेस नको असतो. वस्तरा चालवणाऱ्याला धार आणि केस दोन्ही दिसायला पाहिजे, टीव्हीवरच्या जाहिरातीतला तो पांढरा डोंगर फक्त जाहिरातीत शोभतो. आणि पंखा चालू असला तर अख्खं तोंड एकदम माखायचं नाही, एक बाजू करा, दुसरी बाजू तोपर्यंत कोरडी पडली तर ब्रशचं टोक ओलं करून परत फिरवा. अजून एक, कल्ल्याच्या वर जिथे अंगठ्याने कातडी ताणायची असते तिथे फेस नको, अंगठा घसरतो आणि ताण सुटला की कापलंच समजा. काका बोटांना तुरटी लावून घेतात, पकड बसते.

थंडीत एक गोष्ट जास्त. डिसेंबर-जानेवारीत नाशकात पारा दहाच्या खाली जातो, निफाडला तर त्याहून खाली, अंगावर काटा येतो तसा गालावर पण येतो आणि त्या बारीक फोडासारख्या उंचवट्यावरून धार गेली की रक्ताचा ठिपका. मग आधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल, एक-दोन मिनिटं, नुसतं वाफाळलेलं, चटका बसेल असं नाही. वाटीच्या खाली पण गरम पाण्याचं भांडं, फेस गार पडू द्यायचा नाही.

आणि श्रावणानंतर? ज्यांनी श्रावण पाळलाय त्यांची महिनाभराची दाढी, पोळा झाला की गणपतीच्या आधी सगळे एकदम येऊन बसतात. अशा दाढीवर सरळ फेस लावला की तो केसांवरच अडकतो, मुळाशी जातच नाही, वरून ढीग आणि खाली कोरडी कातडी. आधी मशीन मारून खुंटावर आणायची, धुवायची, मगच ब्रश. गर्दीत हा टप्पा गाळला जातो आणि मग दुसऱ्या दिवशी गळ्यावर लाल पुरळ, दोष मात्र वस्तऱ्याला.

आता वस्तरा. बहुतेक सलूनमध्ये आता पात्याचा जुना वस्तरा नाही, ब्लेड बदलायचा वस्तरा असतो, नेहमीचं ब्लेड मधून तोडून अर्धं लावतात, गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदललं. ब्लेड समोर फोडून लावतायत ना हे बघून घ्या, न लाजता. कोन साधारण तीस अंशांचा, कातडी ताणलेली, हात हलका, केस ज्या दिशेला त्या दिशेने. आवाज ऐका. चांगल्या भिजलेल्या दाढीवर बारीक सळसळ येते, कोरड्यावर खरवडल्याचा आवाज येतो आणि तो खुर्चीवरच्या माणसाला आपल्या आधी कळतो. काका फेस डाव्या हाताच्या पंजावर पुसतात आणि पुसताना बघतात, ओलसर निघाला तर पुढे, कोरडा गोळा निघाला तर ब्रश परत.

उलटा हात, म्हणजे केसांच्या उलट दिशेने वस्तरा, मारायचा असेल तर परत पूर्ण फेस लावायचा. नुसतं तोंडावर पाणी मारून उलटा हात मारणारे कारागीर आहेत, घाई असते त्यांना पण, बाहेर लोक बसलेले असतात, पण केस आत वळून फोड येतात ते बऱ्याचदा इथूनच. डब्यातल्या फोमचंही तेच, तो वाईट नाही, पण नोजल दाबलं की तयार मिळतो म्हणून लगेच वस्तरा लागतो आणि भिजायला वेळच मिळत नाही. फोम वापरायचाच असेल तर तोंड आधी धुवा, फोम लावून ब्रशने फिरवा आणि तीन मिनिटं थांबा. घरी साध्या रेझरने करत असाल तरी हेच.

शेवटी गार पाणी, ओल्या गालावर तुरटी, आणि झोंबलं कुठे ते लक्षात ठेवा, जिथे झोंबतं तिथे पुढच्या वेळी ब्रश जरा जास्त फिरवायचा. काका ब्रश धुतात, झटकतात आणि केस खाली करून टांगतात, पुढच्या भावाला आवाज देतात, चल रे, आधी बेसिनवर.