मात्रेपासून केसभर दूर

वॉशिंग्टनमधील आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयातले हे यंत्र प्रथमदर्शनी एखाद्या दुकानातल्या जुन्या हिशेबयंत्रासारखे वाटते. चार रांगांत बसवलेली 16 रबरी बटणे, एक छोटा पडदा आणि बोटाने फिरवायची चकती असलेले हे अकाई कंपनीचे एमपीसी 3000, म्हणजे बटणे दाबून ताल रचण्याचे यंत्र, मोरीन यान्सी यांनी 2014 मध्ये संग्रहालयाच्या स्वाधीन केले. ते त्यांच्या मुलाचे होते.

मुलाचे नाव जेम्स ड्यूइट यान्सी; हिप-हॉप संगीताच्या जगात ताल रचणारे म्हणून ओळख आधी जे डी आणि पुढे जे डिला या नावाने. त्यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1974 चा, बालपण डेट्रॉइटच्या कोनंट गार्डन्स वस्तीतले. वडील जॅझमध्ये बास वाजवत आणि आईचा गळा ऑपेरात तयार झालेला. वस्तीतलेच संगीतकार अॅम्प फिडलर यांनी आपले एमपीसी या मुलापुढे ठेवले.

या यंत्रात एका मात्रेचे 96 सूक्ष्म भाग असतात आणि वाजवणाऱ्याचे बोट पुढेमागे पडले, तर यंत्रच तो ठोका जवळच्या ठरलेल्या जागी नेऊन बसवते. डिला यांनी ही सोय बंद केली, एवढेच बहुतेक वेळा सांगितले जाते आणि ते अपुरे आहे. कारण नुसती सोय बंद केल्याने ताल ढिसाळ होतो, डौलदार होत नाही. त्यांनी एकाच तालातल्या वेगवेगळ्या वाद्यांना वेगवेगळा काळ दिला. हाय-हॅट ही झांजांची जोडी सरळ चालीत चाललेली असताना तिच्याखाली किक हा पायाने वाजवायचा मोठा ड्रम रेंगाळतो, तर स्नेअर हा कडक आवाजाचा छोटा ड्रम घाई झाल्यासारखा मात्रेच्या काही भाग अगोदरच येऊन पडतो. लय ओढून धरणे तबला ऐकणाऱ्यांना नवे नाही, पण तिथे समेवर सगळे एकत्र येतात. इथे ही ओढाताण ठोक्याठोक्याला चालूच राहते आणि तरीही मान डोलायची थांबत नाही.

1995 मध्ये द फारसाइड या रॅप गटाच्या अल्बममधून हे ताल कॅलिफोर्नियात पोहोचले आणि 1996 मध्ये अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या दुसऱ्या रॅप गटाच्या अल्बमवरही ते आले, मात्र तिथे श्रेय डिला ज्यात होते त्या ‘द उम्मा’ या तिघांच्या गटाला होते. जे डी ही अक्षरे संगीत निर्माते जर्मेन डुप्री यांच्याही नावाशी जुळत असल्याने गोंधळ होई, म्हणून 2001 च्या सुमारास नाव बदलावे लागले. ज्याच्या तालाची ओळख दोन ठोक्यांत पटते, त्याच्या नावाची ही अवस्था होती.

रक्ताचा दुर्मीळ विकार आणि ल्युपस, म्हणजे शरीराची रोगप्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आजार, यांनी शरीर पोखरले. 2005 च्या अखेरीस युरोपातले कार्यक्रम त्यांनी चाकांच्या खुर्चीतून केले. ‘डोनट्स’ हा 31 तुकड्यांचा, शब्दांवाचूनचा अल्बम त्यांच्या बत्तिसाव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी ते गेले. आज ड्रमवादक तो विस्कटलेला काळ हाताने वाजवण्याचा सराव करतात.

एक अल्बम मात्र मागेच राहिला होता. त्यात बहुतांशी इतरांच्या तालांवर डिला स्वतः रॅप करतात. एमसीए या मोठ्या संगीत कंपनीसाठी तो ध्वनिमुद्रित झाला आणि कंपनीने तो बाजूला ठेवला. तो एप्रिल 2016 मध्ये विक्रीस आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या संग्रहालयाचे दरवाजे उघडले.