मजल्यावर पारखलेली गाणी

श्रोतेहो, नमस्कार. क्लबमध्ये रात्र रात्र रेकॉर्ड वाजवणारे डीजे कधी कधी आपली हुकमी गाणी निवडून एक व्हायनल सॅम्पलर काढतात. आज त्याच तबकडीबद्दल बोलणार आहे.

अशा सॅम्पलरवर गाणी थोडीच असतात, बरेचदा चार. बारा इंची तबकडी आणि एकेका बाजूला दोनच गाणी? हो, आणि ते योग्यच आहे. बास जितका दमदार, तितकी रेकॉर्डवरची खाच जास्त नागमोडी होते, जास्त जागा खाते. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं कोंबली, की खाचा दाटीवाटीने कापाव्या लागतात आणि आवाज उतरवावा लागतो. घरी ते चालून जातं. नाचणाऱ्यांपर्यंत मात्र ठेका पोचत नाही. तबकडी उजेडात जरा तिरकी धरून बघा. गाण्यातला शांत भाग गडद, गुळगुळीत दिसतो. मुरलेला डीजे तो पट्टा नजरेनेच हेरतो आणि सुई नेमकी तिथे टेकवतो.

ही बारा इंची सिंगल, म्हणजे एक-दोनच गाण्यांची तबकडी, १९७०च्या दशकातली, न्यू यॉर्कच्या डिस्कोंमधली. टॉम मोल्टन नाचणाऱ्यांसाठी गाणी लांबवत असत. सात इंची कोरी तबकडी संपली होती म्हणून त्यांचं एक गाणं मोठ्या तबकडीवर कापलं गेलं, खाचा पसरल्या आणि आवाज असा काही खुलला, की पुढे तीच रीत झाली. १९७५मध्ये डेव्हिड मॅन्क्युसो आणि इतर डीजेंनी तिथेच रेकॉर्ड पूल उभा केला. कंपन्यांनी नव्या रेकॉर्ड डीजेंना फुकट द्यायच्या आणि नाचाच्या मजल्यावर काय झालं ते डीजेंनी कळवायचं. पुढच्याच वर्षी वॉल्टर गिबन्स या डीजेने मिक्स केलेली बारा इंची सिंगल सॅलसोल कंपनीने दुकानात आणली.

डीजेच्या निवडीवर माझा भरवसा आहे तो यामुळेच. खपाचे आकडे नंतर येतात. गाणं पडलं, तर मजला दोन मिनिटांत रिकामा होतो आणि ते त्याला समोर दिसतं. जे गाणं आठवड्यामागून आठवडे लोकांना धरून ठेवतं, तेच सॅम्पलरवर जातं.

ऐकताना क्रमही बघा. सुई मध्याकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होतो, वरचे सूर फाटण्याची भीती वाढते. म्हणून सर्वांत जोरकस गाणं बहुधा कडेला, बाजूच्या सुरुवातीलाच ठेवतात. सुई तिथूनच लावा, आणि आवाज थोडा मोठा ठेवा.